सीआरओ चालू होतो पण ट्रेस नाही: टेक्ट्रॉनिक्स ४६५, पॉवर सप्लायचा घोळ

पुणेरी_सोल्डर

नमस्कार मंडळी, जुन्या बाजारातून एक टेक्ट्रॉनिक्स ४६५ सीआरओ (ऑसिलोस्कोप, सिग्नलचा आकार स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) उचललाय. १९७२ ला आलेला तो १०० मेगाहर्ट्झचा दोन चॅनलवाला. कुठल्यातरी लॅबच्या लिलावातला असणार, मागे पांढऱ्या रंगात नंबर रंगवलाय. विकणारा म्हणाला चालू आहे साहेब, पंखा फिरतोय ना, आणि पंखा खरंच फिरतो, पण तेवढंच. ट्रेस (स्क्रीनवरची रेघ) नाही, ठिपका नाही, इंटेन्सिटी पूर्ण फिरवली, हरवलेली रेघ स्क्रीनवर आणणारं बीम फाइंडरचं बटण दाबून धरलं तरी स्क्रीन काळाकुट्ट. फ्यूज शाबूत आहे, जळका वास नाही, ट्रान्सफॉर्मर तापत नाही.

टीव्ही, अ‍ॅम्प्लिफायर उघडायची सवय आहे मला पण सीआरओ पहिल्यांदाच उघडतोय आणि आतली एचटी (हजारो व्होल्टचा भाग) बघून जरा टरकलीय. सुरुवात कुठून करू? एक मित्र म्हणतो सगळे कपॅसिटर एकदम बदलून टाक, कटकट मिटेल. हाताशी डिजिटल मल्टिमीटर, ०-३० व्होल्टचा बेंच सप्लाय आणि सोल्डरिंगचं सामान आहे. दुसरा स्कोप नाही, असता तर हे धूड कशाला घरी आणलं असतं.

लॅमिंग्टन_रोडचा_भाविक

अभिनंदन, वस्तू चांगली आहे! आधी मागचा व्होल्टेज सिलेक्टर बघ. ११५ वर नाही ना? अमेरिकेतून आलेले पीस तसे सापडतात. २३० असेल तर रेंज हाय वर ठेव, म्हणजे २४० च्या वरखाली दहा टक्के, २१६ ते २६४. आपल्याकडे रात्री लाइन २५० ला सहज टेकते.

दुसरं, थेट मेनला लावू नकोस, सिरीज बोर्डवर लाव, म्हणजे लाइन आणि सेटच्या मध्ये बल्ब. १०० वॅटचा तारेचा बल्ब, एलईडी चालणार नाही. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत मोठा शॉर्ट आहे, मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. डिमरस्टॅट (व्होल्टेज कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) असेल तर अजून उत्तम. हा सप्लाय लिनियर आहे, ट्रान्सफॉर्मर-डायोड-रेग्युलेटरवाला, त्यामुळे हळूहळू व्होल्टेज चढवलं तरी चालतं, एसएमपीएस (स्विचिंग सप्लाय) असता तर हे सांगितलं नसतं.

जुना_इन्स्ट्रुमेंटवाला

पुणेरी, सगळे कपॅसिटर बदलायच्या भानगडीत अजिबात पडू नकोस. उभी हयात प्लांटमधल्या मेंटेनन्सला घालवली आहे म्हणून सांगतो, ज्याने एका दमात पन्नास कपॅसिटर बदलले त्याच्या सेटमध्ये मूळ फॉल्ट तसाच राहतो आणि वर दोन नवे जमा होतात, एखादा उलटा बसतो, एखादा ट्रॅक उचकटतो, मग कुठला जुना आणि कुठला आपण केलेला हेच कळत नाही. आणि त्या बोर्डांवर टेक्ट्रॉनिक्सचे स्वतःचे आयसी आहेत, पार्ट नंबर १५५ ने सुरू होणारे, ते कुठल्याही दुकानात मिळत नाहीत.

आधी मोजमाप. टेकविकी या टेक्ट्रॉनिक्सच्या माहितीच्या साइटवर सर्व्हिस मॅन्युअल फुकट आहे, उतरवून घे आणि सप्लायचं पान प्रिंट काढ. लो व्होल्टेजचे पाच रेल (सप्लायच्या लाइनी) आहेत: +११०, +५५, +१५, +५ आणि −८. टेस्ट पॉइंट इंटरफेस बोर्डवर आहेत. पहिलं माप +५५ चं घ्यायचं कारण तो रेफरन्स आहे, बाकीचे त्याच्याकडे बघून ठरतात. तो पडला असेल तर बाकीच्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. तो ठीक असेल आणि एखादाच रेल बसला असेल तर फॉल्ट त्या रेलचा किंवा त्या रेलवर जे जे टांगलंय त्याचा. रेग्युलेटरला करंट लिमिट असतं, म्हणून शॉर्ट असूनही फ्यूज उडत नाही, धूर येत नाही, रेल गुपचूप बसतो.

एचटीबद्दल. सीआरटीच्या (पिक्चर ट्यूबच्या) कॅथोडला उणे अडीच हजार व्होल्टच्या आसपास असतात आणि ट्यूबचं एकूण अ‍ॅक्सिलरेशन १८ किलोव्होल्ट. एचटीच्या कव्हरला आत्ता हात लावायची गरजच नाही. मोजताना काळी वायर चासीला क्लिपने लाव, एकच हात आत, दुसरा मागे किंवा खिशात. अर्थिंगची पिन कापू नकोस, कुणी आधीच कापली असेल तर पहिल्यांदा ती बसव. आणि बंद केल्यावर मोठे डब्बे कपॅसिटर डिस्चार्ज करायचे ते २.२ के, १० वॅटच्या रेझिस्टरने, स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायची हौस नको.

पुणेरी_सोल्डर

काका, भाविकदादा, धन्यवाद. सिलेक्टर २३० वर होता, रेंज मीडियम होती ती हाय केली. सिरीज बोर्डवर बल्ब एकदा लखकन चमकला आणि मंद झाला, मग सरळ लाइनवर घेतला. आकडे असे:

+५५ ला ५४.९
+११० ला ११०.४
+५ ला ५.०२
−८ ला −७.९७
+१५ ला ०.३ !!

बंद करून, डिस्चार्ज करून +१५ पासून ग्राउंडला ओहम बघितले तर १.८ येतायत, त्यात मीटरच्या वायरीच ०.४ च्या आहेत. म्हणजे शॉर्टच ना? आणि एवढ्या बोर्डांमध्ये शोधायचा कसा? नुसत्या नजरेने काहीच जळलेलं दिसत नाही.

बीई_झालो_पण

टँटलम. डोळे झाकून टँटलम कपॅसिटर. त्या काळच्या टेक्ट्रॉनिक्समध्ये हा नेहमीचाच यशस्वी कलाकार आहे. पार्ट लिस्टमध्ये २९० ने सुरू होणारे नंबर बघ, इलेक्ट्रोलिटिक आणि टँटलम सगळे त्यात येतात, त्यातले +१५ वरचे काढ आणि सगळे बदल, स्वस्तात मिळतात. सॉरी काका

जुना_इन्स्ट्रुमेंटवाला

सॉरी कशाला, टँटलमचा अंदाज माझाही तोच आहे. पण +१५ वरचे सगळे म्हणजे किती बोर्ड उघडायचे याचा विचार केलास का? ते न करता जागा सापडते.

पुणेरी, हे असं कर. सेटची मेन पिन काढून ठेव. बेंच सप्लाय ०.५ व्होल्टला सेट कर, करंट लिमिट अर्धा अँपिअर, आणि +१५ च्या टेस्ट पॉइंटला प्लस, चासीला मायनस. अर्धाच व्होल्ट का, तर सिलिकॉनचं जंक्शन साधारण ०.६ ला उघडतं, त्याच्या खाली राहिलं की ट्रान्झिस्टर, डायोड, आयसी सगळे झोपलेले राहतात आणि करंट जातो तो जवळपास सगळा शॉर्टमधूनच. तुझ्या आकड्यावरून अडीचशे ते साडेतीनशे मिलिअँपिअर ओढेल.

आता मीटर मिलिव्होल्टवर. काळी प्रोब सप्लायच्या मायनसवर कायम, लाल प्रोब +१५ च्या ट्रॅकवरून एका जागेवरून दुसऱ्या जागी नेत जा. ज्या दिशेला करंट वाहतोय त्या दिशेला आकडा थोडा थोडा उतरत जातो, ४८०, ४६०, ४३०, असं. ज्या फांदीवर करंटच नाही तिथे टोकापर्यंत आकडा हलत नाही, ती फांदी सोडून द्यायची. सगळ्यात कमी आकडा जिथे, तिथे तुझा चोर. गळकी पाइपलाइन शोधताना प्रेशर बघत जातात तसंच आहे.

बोर्डांना जोडणारे लांबट, पिनांवर बसणारे कनेक्टर जिथे सुटतात तिथे एकेक काढून करंट बघितलास तरी चालेल. एक काढल्यावर करंट एकदम पडला की फॉल्ट त्या बोर्डवर. फक्त काढण्याआधी फोटो काढ आणि स्केचपेनने खूण कर, ते उलटेही बसतात.

अजून एक. बऱ्याच ठिकाणी रेल आणि लोकल कपॅसिटरच्या मध्ये छोटा रेझिस्टर असतो. तिथला कपॅसिटर शॉर्ट झाला की रेल बसत नाही, तो रेझिस्टर काळा पडतो. तुझा रेल पार जमिनीला टेकलाय आणि काळं काही दिसत नाही, म्हणजे कपॅसिटर थेट रेलवर किंवा कॉइलच्या मागे असणार.

लॅमिंग्टन_रोडचा_भाविक

वा काका, हे मिलिव्होल्टचं लिहून ठेवतो. मी आत्तापर्यंत बोटाने चाचपून गरम कोण ते शोधायचो, थोडा जास्त करंट सोडून. सापडतं, पण चटके बसतात.

पुणेरी_सोल्डर

सापडला!!! ट्रिगर आणि स्वीप लॉजिकच्या बोर्डवर एक थेंबासारखा टँटलम. आकडा ४९० पासून सुरू होऊन त्याच्या पायाशी २१० झाला आणि त्याच्या पुढच्या ट्रॅकवर परत स्थिर. दिसायला एकदम गुळगुळीत, ना डाग ना चीर, कुणीही बघून पास केला असता. एक पाय उचलल्याबरोबर बेंच सप्लायचा करंट जवळजवळ शून्य. काढलेल्या कपॅसिटरला मीटर लावला तर सरळ बीप.

आता त्या जागी काय टाकू? पुण्यातल्या तपकीर गल्लीत विचारलं तर टँटलम १६ व्होल्टचाच आहे म्हणतात.

बीई_झालो_पण

१५ च्या रेलवर १६ व्होल्टचा टँटलम म्हणजे पुन्हा इथेच भेटू. निदान २५ चा घे, ३५ मिळाला तर सोन्याहून पिवळं. आणि पोलॅरिटी दहादा बघ. टँटलमवर खूण प्लसची असते, साध्या इलेक्ट्रोलिटिकवर पट्टा मायनसचा. उलटा लागला तर टँटलम नुसता खराब होत नाही, पेट घेतो.

जुना_इन्स्ट्रुमेंटवाला

टँटलमच पाहिजे असं नाही. तेवढ्याच व्हॅल्यूचा, ५० व्होल्टचा, १०५ डिग्रीचा साधा इलेक्ट्रोलिटिक त्या जागी खुशाल चालतो, जागा पुरली की झालं. सोल्डर शोषताना जास्त वेळ टोक टेकवू नकोस, पॅड उचकटतात.

पुणेरी_सोल्डर

५० व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक बसवला. +१५ ला आता १५.०१, आणि ट्रेस आला! हिरवीगार बारीक रेघ, दोन्ही चॅनल, फोकस अप्रतिम. घरच्यांना बोलावून दाखवली, त्यांना काही विशेष वाटलं नाही :)

पण दोन गोष्टी खटकतायत. एक, ट्रेस किंचित थरथरतो, रेघेत हलकी लाट सरकत असते. दुसरी, +५५ ला ५४.९ आहे, बोर्डवर त्याचा प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा छोटा व्हेरिएबल रेझिस्टर) दिसतोय, फिरवून बरोबर ५५ करू का?

जुना_इन्स्ट्रुमेंटवाला

प्रीसेटला हात लावू नकोस! मॅन्युअलमध्ये प्रत्येक रेलची टॉलरन्स दिली आहे, ५४.९ त्यात बसतं. तो हलवला की बाकीचे रेल हलतात, मग व्हर्टिकलचा गेन, स्वीपचं टायमिंग सगळं सरकतं, आणि पूर्ण कॅलिब्रेशन करायला तुझ्याकडे साधनं नाहीत. तुझा मीटर स्वतः किती खरा बोलतो हेही आधी बघावं लागेल.

थरथरीसाठी रिपल (डीसीवर उरलेली एसीची लाट) बघ. मल्टिमीटर एसीवर लावून नुसता टेकवू नकोस, स्वस्त मीटर डीसीसुद्धा एसी म्हणून दाखवतात. मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा ४०० व्होल्टचा कपॅसिटर सिरीजमध्ये घाल. पण आता तुझ्याकडे स्कोप आहे की! त्याचाच प्रोब १० एक्सवर करून त्याच्याच +११० वर लाव, इनपुट एसी कपलिंग, ट्रिगर सोर्स लाइन, स्वीप स्क्रीनवरच्या जाळीच्या एका घराला ५ मिलिसेकंद. आकड्यावर फार भरवसा ठेवू नकोस कारण मोजणारा आणि मोजला जाणारा एकच आहे, पण आकार कळतो. लाट जागेवर उभी राहिली तर ती मेनची. दोन घरांत एक लाट म्हणजे १०० हर्ट्झ, फिल्टर कपॅसिटर दमलाय. चार घरांत एक म्हणजे ५० हर्ट्झ, मग ब्रिजमधला एखादा डायोड उघडा पडलाय का ते बघ. बाकीचे रेलही असेच बघून घे.

आणि १०० असेल तरी लगेच डब्बा कपॅसिटर विकत आणायला धावू नकोस. बोर्डच्या खालच्या बाजूला त्याच्या ग्राउंडच्या पायांचं सोल्डर तडकलेलं असतं, भिंग लावून बघ, पायाभोवती बारीक काळी कडी दिसते. आधी ते सोल्डर शोषून ताजं कर आणि परत मोज.

पुणेरी_सोल्डर

१०० हर्ट्झच आहे, +११० वरच, बाकी रेल स्वच्छ. दोन पायांना कडी स्पष्ट दिसतेय. जुनं सोल्डर काढायला माझं २५ वॅटचं आयर्न पुरत नाहीये, ग्राउंडचं पूर्ण पसरट कॉपर उष्णता ओढून घेतं. शेजारच्या मोबाइलवाल्याकडून उद्या मोठं आयर्न आणतो.

लॅमिंग्टन_रोडचा_भाविक

६० वॅटचं आण, चपटं टोक लावून. आणि आधी थोडं नवीन सोल्डर जुन्यात मिसळ, फ्लक्स लाव, मग शोष, लगेच सुटतं. डिस्चार्ज करायला विसरू नको, +११० वालाच आहे तो.