परसबागेतील किडींसाठी खनिज पूड कशी वापरावी?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली):
नमस्कार. घरामागच्या बागेत वांगी, भेंडी आणि कारली आहेत. मुंग्या व मावा (रस शोषणारी बारीक कीड) एकत्रच वाढत असून वांग्याच्या पानांखाली लाल कोळीही (रस शोषणारा अगदी सूक्ष्म जीव) दिसतो. घरात लहान मुले असल्यामुळे विषारी औषधे टाळून मी डायटोमेशियस अर्थची पूड आणली आहे. ती कशी वापरावी आणि तिच्याऐवजी चुना चालेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (मिरज):
ही पूड म्हणजे डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचे सिलिकायुक्त अवशेष. किडीच्या अंगावरील मेणचट थर ती शोषून घेते आणि अंगातले पाणी उडून गेल्याने कीड मरते. म्हणूनच ओली झालेली पूड निरुपयोगी ठरते. पाणी पानांवर न ओतता बुंध्याशी द्यावे आणि मातीचा वरचा थर सुकल्यावर खोडाभोवती व मुंग्यांच्या वाटेवर पूड पातळ धुरळावी. मुंग्या हटल्या की मावाही आवरतो, कारण त्याच्या गोड स्रावासाठी त्या मावा खाणाऱ्या मित्रकीटकांपासून त्याची राखण करतात. उरलेला मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाडता येतो. मात्र फुलांवर ही पूड कधीही टाकू नये. मधमाशी आणि मुंगी यांत ती भेद करत नाही, आणि कारल्याची फळधारणा तर मधमाश्यांवरच अवलंबून असते. पोहण्याच्या तलावाच्या गाळणीसाठी मिळणारी भाजलेली पूड मुळीच घेऊ नये. तिच्यातील स्फटिकरूप सिलिका फुप्फुसांना घातक असते. साधी पूड धुरळतानाही मास्क लावावा आणि मुलांना दूर ठेवावे, हे मी आग्रहाने सांगतो.

उत्तर (तासगाव):
लाल कोळ्यासाठी गंधक अधिक उपयोगी पडते. आमच्या द्राक्षबागांत भुरी या बुरशीजन्य रोगासाठी ते नेहमीचेच आहे. पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम घेऊन वांग्याच्या पानांच्या खालच्या बाजूस फवारावे. तापमान ३२ अंशांच्या वर असताना, किंवा निंबोळी तेल फवारून दोन आठवडे झालेले नसताना ते वापरल्यास पाने करपण्याचा धोका असतो. वेलवर्गीय पिके गंधकाला नाजूक असल्याने कारल्यावर ते टाळलेले बरे.

उत्तर (कराड):
चुना टाकू नये. कृष्णाकाठची काळी जमीन मुळातच विम्लधर्मी (अल्कलाइन) असते. चुन्याने तिचा सामू (पीएच) आणखी वाढला, तर लोह व जस्त मुळांना मिळेनासे होऊन नवी पाने पिवळी पडतात. महाबळेश्वरकडील तांबड्या, आम्लधर्मी जमिनीत चुन्याला जागा आहे, पण तीही माती तपासून आणि जमीन सुधारण्यासाठी.