मदत हवी आहे : इंटर्नशिपनंतर कॉपीरायटिंगकडे (जाहिरातींचा मजकूर लिहिण्याकडे) वळावे का?

नमस्कार. मी नाशिकमध्ये बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला असून, गेल्या सुटीत गंगापूर रोडवरील एका लहान क्रिएटिव्ह एजन्सीत दोन महिने इंटर्नशिप केली. पहिले काही दिवस केवळ बैठकींच्या नोंदी करण्यात गेले. पुढे पिंपळगाव बसवंतच्या एका बेदाणा उत्पादकाच्या पाकिटावरचा मजकूर माझ्याकडे आला, आणि चार ओळींसाठी तीस मसुदे लिहिताना हेच काम आयुष्यभर करावे, असे प्रथमच मनापासून वाटले, सी.ए.च्या अभ्यासात असे कधीच वाटले नव्हते.

वडील अंबडच्या कारखान्यात नोकरीला आहेत. त्यांचा विरोध नाही, पण या क्षेत्रात स्थिर उत्पन्न मिळेल का, ही त्यांची काळजी मलाही रास्त वाटते.

अहमदाबादच्या ‘मायका’ (MICA) या विपणन व संवाद शिकवणाऱ्या संस्थेसाठी मायकॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी, की आधी नाशिकमध्येच, २०२७च्या सिंहस्थानिमित्त वाढणारी कामे लक्षात घेऊन, वर्षभर अनुभव घ्यावा? तसेच, ग्राहकासाठी लिहिलेला परंतु अद्याप प्रसिद्ध न झालेला मजकूर पोर्टफोलिओत दाखवण्यासाठी एजन्सीची लेखी परवानगी घ्यावी लागते का? या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.