अनोळखी माणसाला संदेश कसा लिहावा, हे महाविद्यालयाने शिकवावे का?

खडूची_धूळ (धागाकर्ता)

मी एका तंत्रनिकेतनात विद्युत अभियांत्रिकी शिकवतो आणि गेली काही वर्षे प्लेसमेंटचे कामही माझ्याकडे आहे. आजच्या मुलांना समाजमाध्यमे शिकवायची काय गरज, असे सगळे म्हणतात. प्रत्यक्षात त्यांना रील पाहता येते आणि स्टेटस ठेवता येतो, त्यापुढे फारसे काही नाही. मध्यंतरी एका विद्यार्थ्याने लिंक्डइन या व्यावसायिक ओळखींच्या समाजमाध्यमावरून चाकण परिसरातल्या चाळीसेक अभियंत्यांना एकच संदेश पाठवला: ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम इंटरेस्टेड इन जॉब, प्लीज हेल्प.’ एकाचेही उत्तर आले नाही.

मग आम्ही दोघांनी बसून तो पुन्हा लिहिला. मुलाने प्रकल्पासाठी शेतपंपाचे ड्राय-रन संरक्षणाचे, म्हणजे पाणी नसताना पंप आपोआप बंद करणारे, पॅनेल स्वतः बांधले होते आणि त्यात तो अडला होता, म्हणून नोकरीचे नावही न काढता त्याने एवढेच विचारले: ‘पंप सुरू केल्यावर पाणी चढायच्या आतच अंडरकरंट रिले ट्रिप होतो. विलंब किती सेकंदांचा ठेवावा?’ (पंप कोरडा चालला की वीजप्रवाह कमी होतो, ते ओळखून हा रिले पंप बंद करतो.) सोबत वायरिंगचा एक फोटो जोडला. सहा जणांना पाठवला, दोघांनी उत्तर दिले, आणि त्यांतल्या एकाने लिहिले, ‘विलंब वाढवण्याआधी फूट व्हॉल्व्ह गळतो का ते बघ.’ पाइपच्या तळाशी पाणी धरून ठेवणारा तो व्हॉल्व्ह खरोखरच गळत होता. त्या मुलाला नोकरी अजून लागलेली नाही, पण ते गृहस्थ आता त्याला नावाने ओळखतात.

ज्यांच्या घरात कोणी मामा-काका कंपनीत आहे, त्यांच्यासाठी कोणीतरी शब्द टाकतोच. ज्यांच्या घरातून शिकणारी ही पहिलीच पिढी आहे, त्यांनी कोणाकडे जायचे? मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात अमेरिकेतील नोकरदारांची पाहणी दिली आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम 17 टक्के लोकांना ती नेहमी भेटणाऱ्या माणसामुळे मिळाली होती. बाकीच्यांच्या बाबतीत ती ओळख अधूनमधून किंवा क्वचित भेटण्याइतकीच होती. अशी दूरची ओळख कशी जोडावी आणि कशी जपावी, यासाठी दुसऱ्या वर्षी आठवड्याला एक तासिका आणि 25 गुण ठेवावेत, असा माझा प्रस्ताव आहे.

जुना_पाटा

माझा विरोध आहे, आणि तो तुमच्याच उदाहरणावरून सांगतो. फूट व्हॉल्व्ह गळतो का हे पाहायला सांगणारा माणूस त्या मुलाला चाकणमध्ये शोधावा लागला, याची खंत मला अधिक वाटते, कारण हे वाक्य तुमच्या प्रयोगशाळेतल्या निदेशकाच्या तोंडून यायला हवे होते. मी पस्तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. तासिका कमी, उपकरणे मोडलेली आणि जागा रिक्त, अशा स्थितीत आणखी एक तासिका काढायची ती कोणाच्या वाट्यातून? आपण वशिल्याला नावे ठेवत आलो आणि आता त्यालाच नेटवर्किंग म्हणून गुण द्यायला निघालो आहोत.

दुसरे असे की, तुम्ही 1973 सांगितले, मी 2022 सांगतो. त्या वर्षी ‘सायन्स’ या नियतकालिकात दूरच्या ओळखींवर एक मोठा अभ्यास आला, त्याच्या लेखकांत लिंक्डइनचेच संशोधक होते. ‘यांना तुम्ही ओळखत असाल’ या सुचवण्यांत फेरफार करून जगभरच्या सुमारे दोन कोटी लोकांवर तो प्रयोग केला गेला. निष्कर्ष तुमच्या बाजूचा आहे हे मी मान्य करतो: मध्यम दूरच्या ओळखी नोकरीला अधिक उपयोगी ठरल्या. परंतु आपल्यावर हा प्रयोग चालू आहे, हे त्या दोन कोटींना कोणी वेगळे सांगितले नव्हते. अशा दुकानात विद्यार्थ्यांना रांगेने नेऊन उभे करणे हे शिक्षकाचे काम नव्हे.

भरती_टेबल

मी पिंपरीत भरतीच्या कामात आहे, म्हणून टेबलाच्या अलीकडची बाजू सांगते. नवख्या उमेदवारांच्या पोस्टमध्ये सगळे जण ‘थ्रिल्ड’ असतात, दोन तासांच्या ऑनलाइन कोर्सचे प्रमाणपत्रही ‘थ्रिल्ड’ होऊनच झळकते, आणि आम्ही त्यातले काहीही वाचत नाही. गुण ठेवलेत तर असल्या पोस्टची संख्या तिप्पट होईल, म्हणून गुणांना माझा ठाम विरोध आहे. तासिका मात्र जरूर असावी. पूर्वी कोणाला पत्र लिहायचे तर मायना कोणता, हे शाळेत घोटून घेत असत. आज मुलगा रात्री साडेअकराला नुसते ‘हाय’ पाठवतो आणि सकाळी त्याखाली प्रश्नचिन्ह टाकतो.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा. नोंदणी शुल्क, लॅपटॉपची अनामत, प्रशिक्षणाचा खर्च असे कोणतेही नाव देऊन नोकरीआधी पैसे मागणारा माणूस भामटा समजावा. माझ्या भाच्याने अशाच एका ‘ऑफर लेटर’पोटी साडेचार हजार रुपये भरले आणि लाजेने तीन दिवस घरात सांगितले नाही. 1930 हा सायबर फसवणुकीचा क्रमांक लगेच फिरवला, तर पैसे पुढे सरकण्याआधी अडवण्याची शक्यता असते. तीन दिवसांनी काय उरणार?

दहावीची_आई

तंत्रनिकेतनात मुले दहावीनंतर येतात, म्हणजे पहिल्या वर्षाला बरीच मुले पंधरा-सोळाची असतात. लिंक्डइनचीच वयाची अट 16 आहे आणि आपल्याकडच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे, त्याची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती लागते. गुणांसाठी खाते उघडणे भाग पडले तर त्या संमतीला काय अर्थ राहतो? माझ्या मुलीने स्वतःचा फोटो, नाव, महाविद्यालय आणि गाव एका जागी सगळ्या जगासाठी मांडावे आणि अनोळखी पुरुषांना आपणहून संदेश पाठवावेत, हे मुलांच्या शिक्षकाला जितके सहज वाटते तितके मुलीच्या आईला वाटत नाही, एवढे तरी लक्षात घ्यावे.

सड्यावरचा_गेंद

सगळी चर्चा नोकरीभोवती आणि एकाच कंपनीभोवती फिरते आहे, म्हणून थोडे वेगळे लिहितो. मी रत्नागिरीकडे वनस्पतिशास्त्र शिकवतो. पावसाळ्यात आमची मुले सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, फुलांचे फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकतात. एका मुलीने गेंद या रानफुलाचा फोटो टाकून जातीचे नाव छातीठोकपणे लिहिले. तिला कधीही न भेटलेल्या एका अभ्यासकाने नम्रपणे कळवले की गेंदाच्या जाती वरून सारख्याच दिसतात, बीचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय एवढी खात्री बाळगू नये. तिने चूक मान्य करून जातीचे नाव काढले, फक्त वंशाचे, म्हणजे त्या जातींच्या मोठ्या गटाचे, नाव ठेवले आणि पुढच्या आठवड्यात बिया गोळा करून आणल्या. जाहीरपणे चुकणे, दुरुस्ती स्वीकारणे आणि आभार मानणे या तिन्ही गोष्टी तिथे एका फुलावर झाल्या. शिवाय दुर्मीळ जातींचे नेमके ठिकाण ते संकेतस्थळ आपोआप धूसर करते. काय सांगावे आणि काय झाकावे, हा धडा त्यातूनच निघतो आणि तोच मग स्वतःच्या पत्त्यालाही लागू करता येतो. तिथे टोपणनाव चालते, स्वतःचा फोटो द्यावा लागत नाही.

खडूची_धूळ

गुणांचा मुद्दा मी मागे घेतो. वयाचा आणि मुलींचा विचार मी केला नव्हता, ही माझी चूक आहे. खाते उघडण्याची सक्ती राहणार नाही आणि टोपणनावाने जिथे काम दाखवता येते अशा जागा आधी घेईन. वशिल्याचा आरोप मात्र मान्य नाही. वशिल्यात माणूस कोणाचा आहे ते पाहिले जाते; या मुलाला उत्तर मिळाले ते पॅनेलच्या फोटोमुळे, आडनावामुळे नव्हे. सोमवारी पहिली तासिका घेतो आहे. मोबाईल पिशवीत राहतील, प्रत्येकाने एका अनोळखी तंत्रज्ञाला आपल्या अडचणीविषयी पाच ओळी कागदावर लिहायच्या आहेत.

जुना_पाटा

कागदावर असेल तर माझी हरकत नाही. पाच ओळींत नेमकी अडचण मांडता येणे हे भौतिकशास्त्रच आहे. पण तुमच्या प्रयोगशाळेत निदेशकाची जागा किती वर्षे रिकामी आहे, हे तुम्ही अजून सांगितलेले नाही.