मदत हवी आहे: वेडेलिया, आइसक्रीम वेल आणि टणटणी काढून त्या जागी देशी काय लावू? (रावेर तालुका)

नमस्कार मंडळी,

आमचं घर रावेर तालुक्यात, गावाच्या अगदी कडेला. मागच्या भिंतीला लागून शेजारच्या काकांची केळी आहे, एका बाजूला बांध, पुढे रस्ता. घर बांधलेलं घेतलं, त्यामुळे बाग आधीच्या मालकांच्या आवडीची.

कडुलिंबाखाली आणि पोर्चसमोर वेडेलियाची चादर पसरली आहे, तीच ती पिवळ्या फुलांची, चकचकीत पानांची. दिसायला हिरवीगार, पण तिच्याखाली दुसरं काडीभरही उगवत नाही. माळी कापतो आणि कापलेलं गोणीत भरून नाल्यात ओततो. परवा नाल्याकडे गेले तर तिथेही तीच! तारेच्या कुंपणावर गुलाबी फुलांची आइसक्रीम वेल आहे. वरून छाटली की पुन्हा दुप्पट जोमाने येते. एका ठिकाणी खणून पाहिलं तर खाली गाठीच गाठी. बांधावर टणटणी आहे, म्हणजे घाणेरी.

मला हे सगळं काढून जमिनीवर पसरणारं आणि कुंपणावर चढणारं काहीतरी देशी लावायचंय. जमीन काळी, मे महिन्यात भेगेत खुरप्याचं पातं आख्खं जातं. पाणी बोअरचं, इतकं जड की कुंड्यांच्या काठावर पांढरा थर बसतो. घरात दोन लहान मुलं आहेत, दिसेल ते तोंडात घालणारी. नर्सरीत ‘देशी वेल द्या’ म्हटलं तर त्यांनी मनीप्लांट पुढे केला. घरून सल्ला आहे की तणनाशक मारा आणि मोकळ्या व्हा.

काय करू? मार्च चाललाय, पावसाआधी हाताशी थोडा वेळ आहे.

प्रतिसाद: धुळेकर

ताई, पहिले एक सांगा, मे महिन्यात बाग हिरवी दिसलीच पाहिजे असा हट्ट आहे का? आपला खान्देशमा उन्हायामा हिरवं काय ऱ्हास वं! इथल्या बऱ्याच वेली आणि पसरणाऱ्या वनस्पती वैशाखात पान टाकतात, जमिनीखाली झोपतात आणि पहिल्या पावसाला उठतात. ते मान्य नसेल तर देशीच्या नादी लागू नका, दोन महिन्यांत ‘वाळलं, मेलं’ म्हणून पुन्हा वेडेलिया आणाल.

तणनाशकाचं म्हणाल तर टू-फोर-डीचं नावही काढू नका. आमच्याकडे बांधावर कोणीतरी मारलं आणि वाऱ्याने तुषार कपाशीवर गेले. पानं पंजासारखी अरुंद, बोटं फुटल्यासारखी झाली. कपाशी त्या औषधाला फार नाजूक. तुमच्या भिंतीपलीकडेही केळी आहे, तुषार तिकडे गेले तर काकांशी भांडण ओढवून घ्याल.

प्रतिसाद: सातपुडा पायथा

लावायचं नंतर, काढायचं आधी. तिन्हींची तऱ्हा वेगळी आहे.

वेडेलिया आणि टणटणी या दोघी मध्य-दक्षिण अमेरिकेकडच्या आणि जगातल्या 100 सर्वात उपद्रवी आगंतुक प्रजातींच्या यादीत दोघींची नावं आहेत. वेडेलियाचं बी फारसं रुजत नाही, सगळा पसारा खोडाच्या तुकड्यांवर. प्रत्येक पेराला मूळ फुटतं. म्हणून माळी कापतो तेव्हा तो खरं तर लागवडच करतोय! कंपोस्टच्या खड्ड्यातही टाकू नका, तिथे ओल असते. गच्चीवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर कडक उन्हात पसरा, हातात घेतल्यावर चुरा होईपर्यंत वाळवा.

मुळं वरवरची असतात. एप्रिलमध्ये दाताळ्याने जितकी निघतील तितकी ओढून काढा, जमीन सपाट करा, भरपूर पाणी द्या आणि वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने गच्च दाबा. चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. ओल्या मातीत उष्णता खोलवर जाते, कोरड्यात जात नाही, म्हणून पाणी आधी. आपल्या उन्हाचा कधी नव्हे तो उपयोग होईल. फक्त कडुलिंबाखाली हे नको. सावलीत ऊन लागत नाही आणि झाडाची वरची मुळं उगाच भाजतील. तिथे हातानेच वेचा, पाऊस पडला की पुन्हा वेचा.

आइसक्रीम वेल मेक्सिकोची. वरचा वेल कितीही कापा, जीव खालच्या गाठींमध्ये आहे. गाठ निघाल्याशिवाय ती जात नाही आणि मे महिन्यात काळी जमीन कुदळीला दाद देत नाही. पहिल्या पावसानंतर माती मऊ झाली की खणा, पण चिखल होण्याआधी. जो कोंब पुन्हा दिसेल त्याच्या मागोमाग खाली जायचं.

टणटणी वरून तोडली तर झुडूप आणखी दाट होतं. जमिनीच्या दोन-तीन इंच खाली मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उपटून मुळं वर करून ठेवायचं, म्हणजे पुन्हा रुजत नाही. फळं काळी व्हायच्या आत करा. बुलबुल ती फळं खातात आणि तुमच्या कडुलिंबावर बसून बी खाली टाकतात, त्यामुळे पुढची दोनेक वर्षं रोपं उपटत राहावं लागेल. शेळ्या-गाईंच्या पोटात तिची पानं गेली तर यकृत बिघडतं, ऊन लागून कातडी सोलवटते. बांधावरून ती गेली तर गुरं पाळणारे दुवा देतील.

आता लावायचं काय. कुंपणाला माझं पहिलं मत वाघाटीला. आषाढी द्वादशीला जिची भाजी करतात तीच. काटेरी, वर्षभर पान धरणारी, कोरड्या माळावर आपोआप जगणारी, म्हणजे धुळेकरांच्या अटीला अपवाद. पांढरी फुलं पुढे गुलाबी होतात. आत्ता फुलत असेल, रस्त्याच्या कडेला बघा. तिच्या पानांवर पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, अळी दिसली की औषध शोधत धावू नका. काट्यांमुळे मुलं खेळतात त्या बाजूला नको, रस्त्याकडे लावा.

मुलांच्या बाजूला गुळवेल. पेरभर खोड मातीत खुपसलं तरी पावसाळ्यात फुटतं. उन्हाळ्यात पानं झडतात, वेल जिवंत असते. हरणदोडीही चालेल, हिरव्या फुलांचे घोस लोंबतात, निळ्या ठिपक्यांची ब्लू टायगर फुलपाखरं तिच्यावर अंडी घालतात. कळलावी आणि गुंज दोन्ही देशी आणि देखण्या, पण तुमच्या घरात नकोत. कळलावीचा कंद जहाल विषारी, गुंजेचा लाल-काळा दाणा चावून खाल्ला तर जिवावर बेततं.

जमिनीसाठी उघड्या उन्हात उंदीरकानी. काळ्या मातीतलीच ती, उंदराच्या कानासारखी गोलसर पानं, पिवळी छोटी फुलं, पेराला मुळं धरत पसरते. ओल संपली की आकसते. घेटुळी, म्हणजे पुनर्नवा, जाड मुळावर उन्हाळा काढते आणि कोवळ्या पानांची भाजीही होते. बाथरूमचं किंवा भांड्यांचं पाणी जिथे जातं तिथे जलपिंपळी लावा, खारवट पाणी सोसते आणि पाय पडला तरी मरत नाही. कडुलिंबाच्या सावलीत चित्रक बरा, पण त्याचं मूळ कातडीवर फोड आणतं, मुलांना उपटू देऊ नका.

बांधावर टणटणीच्या जागी निगडी आणि खाली मारवेल गवत. निगडीला शेळी तोंड लावत नाही आणि मारवेल गुरांना आवडतं, दोन्ही कामाचं.

प्रतिसाद: केळीवाला

वरचं सगळं बरोबर, पण भिंतीपलीकडे केळी आहे हे विसरू नका. आमच्याकडे ‘हरण्या’ म्हणतात तो रोग कुकुंबर मोझॅक विषाणूचा. मावा तो इकडून तिकडे नेतो. काकडी-भोपळ्याच्या कुळातल्या वेलींवर आणि केन्यासारख्या तणांवर हा विषाणू मुक्काम करतो. त्यामुळे कोणी रानतोंडली सुचवली तर ती देशी असूनही भिंतीला लावू नका, आणि केना दिसला की उपटा. रोगट केळीचं झाड मुळासकट काढण्यापलीकडे त्यावर औषध नाही, म्हणून शेजारी चिडला तर त्याचं चुकत नाही.

हरळीचंही तेच. गणपतीला दूर्वा म्हणून कितीही लाडकी असो, एकदा केळीच्या गादीवाफ्यात शिरली की मजूर शिव्या घालतात. बांधापासून लांब, कुंडीत ठेवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार! तणनाशकाचा विषय घरात बंद झाला, कपाशीची गोष्ट वाचून दाखवली. माळीभाऊंनाही नाल्याचं सांगितलं, ते म्हणाले, ‘मग टाकू कुठे?’ ओटा मोकळा करून दिलाय.

शेजारच्या काकांशी बोलले. त्यांनाही हरण्याची धास्ती आहेच, बांधावरची टणटणी काढायला त्यांचा माणूस देतो म्हणाले.

एक शंका. काकांकडे टरबुजाचा जुना मल्चिंग पेपर पडलाय, वरून चंदेरी, खालून काळा. पारदर्शक प्लास्टिकऐवजी तो चालेल का?

प्रतिसाद: सातपुडा पायथा

उन्हाने माती भाजून काढायला नाही चालणार. चंदेरी बाजू ऊन परतवते, माती तितकी तापत नाही. पण उजेड अडवतो, म्हणून पोर्चच्या अर्धवट सावलीतल्या पट्ट्यावर तोच अंथरा आणि पावसाळा संपेपर्यंत काढू नका. उजेडच नाही मिळाला तर तुकड्यांतली शिदोरी संपते. आधी मात्र भोकं बघा. टरबुजाच्या रोपासाठी पाडलेल्या प्रत्येक भोकातून वेडेलिया डोकं काढेल. वर दुसरा थर अंथरा, भोकांवर भोक येणार नाही असा.

धागाकर्ती

कळलं. पोर्चला चंदेरी दोन थर, उघड्यावर पारदर्शक. गुळवेल गावातच मिळेल, उंदीरकानी काकांच्या बांधावरच आहे म्हणे, ते तिला तण समजून उपटत होते.

वाघाटीचं बी कुणाकडे आहे का? आषाढीला बाजारात फळं येतात त्यातलं बी पेरलं तर चालेल?

प्रतिसाद: धुळेकर

बाजारातली हिरवी, कोवळी असतात, त्यांचं बी तयार झालेलं नसतं. वेलावर पिकून लाल झालेलं फळ पाहिजे. आमच्या शेताच्या कुंपणावर आहे. पिकलं की गर धुऊन बी काढतो आणि लगेच पाठवतो, जुनं बी नीट रुजत नाही. तुम्ही पिशव्या भरून ठेवा, मातीत वाळू जरा जास्त घाला.