अंदाज काय होता आणि लागलं कुठे? प्रवेशाचे तुमचे अनुभव सांगा

कृष्णाकाठची

नमस्कार. मी बारावी सायन्सला, कराडला. बोर्ड आत्ताच संपलं. जेईई मेनला (एनआयटीसारख्या केंद्राच्या कॉलेजांची परीक्षा) जानेवारीत ९६.४ पर्सेंटाइल आले, म्हणजे शंभरातली साधारण शहाण्णव मुलं माझ्या मागे. राज्याची इंजिनीयरिंगची सीईटी अजून व्हायची आहे. डोक्यात पुण्याचं सीओईपी नाहीतर मुंबईचं व्हीजेटीआय, दोन्हीकडे कॉम्प्युटरच. क्लासचे सर म्हणतात, "होईल की." मामा म्हणतो, "विसर." आणि मी रात्री पुस्तक मांडीवर ठेवून मोबाइलवर प्रेडिक्टर उघडून बसते, पर्सेंटाइल टाकलं की कुठलं कॉलेज लागेल ते सांगणारा. ९९.२ टाकलं की एक यादी, ९९.६ टाकलं की दुसरी. पेपर दिलेलाच नाही आणि मी दशांश बदलत बसलेय.

म्हणून हा धागा. काका-काकू, दादा-ताई, तुम्ही किंवा तुमच्या मुलांनी आधी काय अंदाज बांधला होता आणि शेवटी लागलं काय? कुठलीही शाखा चालेल. नुसत्या शुभेच्छा नकोत, त्या आजी रोज देते.

लातूरकर

माझी चूक सांगतो, तू करू नकोस. २०२२ ला मुलगा होता. मी बँकेतला माणूस, आकड्यांना घाबरत नाही. सीईटी कक्षाच्या कट-ऑफच्या (कुठे किती मार्कांवर प्रवेश थांबला) तीन वर्षांच्या पीडीएफ उतरवल्या आणि एक्सेल केलं. हिरवं, पिवळं, लाल. बायको म्हणाली, घराचं कर्ज काढताना एवढं केलं नव्हतंत.

त्या पीडीएफमध्ये प्रत्येक चौकटीत वर मेरिट नंबर आणि खाली कंसात पर्सेंटाइल असतं. चौकटीच्या डोक्यावर जी-ओपन-एच, जी-ओपन-ओ, एल-ओपन-एस असली अक्षरं असतात. मी एच खालचा आकडा घेत गेलो, कारण तो पहिला दिसतो. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, कॉलेजच्याच विद्यापीठाच्या भागातली मुलं! आमची नांदेड, कॉलेजं सगळी पुण्याची. आम्हाला ओ, म्हणजे बाहेरच्या भागातल्यांचा आकडा, बघायला हवा होता. ज्या खासगी कॉलेजला मी गडद हिरवा रंग दिला होता, तिथे ओ चा आकडा वर होता आणि पोरगा बरोब्बर दोन्हीच्या मध्ये अडकला. पहिल्या फेरीचा निकाल लागला तेव्हा तो मला काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

सीओईपी आणि व्हीजेटीआयला राज्यभराची एकच यादी, तिथे एस बघायचं. आणि बेटा, तू मुलगी आहेस, एल चा कॉलमही बघ. मुलींना तीस टक्के जागा आहेत, आकडा थोडा खाली येतो.

दादाची_बहीण

आमच्याकडे अंदाज बरोबर होता, पण परीक्षाच वेगळी निघाली.

दादा इंटिग्रेटेडला होता. कागदावर एक कॉलेज, प्रत्यक्षात सकाळी सात ते रात्री आठ क्लास. प्रॅक्टिकलची जर्नल्स शेवटच्या आठवड्यात आई आणि मी मिळून लिहिली (प्रिझमच्या आकृत्या माझ्या आहेत, आजही छान येतात). जेईई मेनला ९८ च्या वर आले. घरात पेढे. नागपूरच्या व्हीएनआयटीत (आपल्या राज्यातली एनआयटी) महाराष्ट्राच्या मुलांना निम्म्या जागा, त्यामुळे मेकॅनिकल तरी नक्की, असं सगळे धरून चाललो होतो.

बोर्डाला पडले ६४ टक्के. एनआयटीला बारावीला ७५ टक्के लागतात, नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. कोरोनाच्या काळात हा नियम शिथिल होता, २०२३ ला परत आला आणि दादा नेमका त्याच वर्षीचा. त्यात पाचही विषय धरतात. इंग्रजीचं पुस्तक त्याने उघडलंच नव्हतं. शेवटी सीईटीच्या मार्कांवर सांगलीला गेला, तिथे पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ४५ टक्के पुरतात. आता मजेत आहे, पण घरी अजून कोणी "पेढे" म्हटलं की उठून गॅलरीत जातो.

अवंती_एडिसन

आमचं गणित वेगळ्या देशातलं, पण रात्रीचा मोबाइल तोच. माझा मुलगा न्यू जर्सीत वाढला. एसएटी १६०० पैकी १५५०, शाळेत वरच्या पाच टक्क्यांत, तबला, रविवारच्या मराठी शाळेत लहान मुलांना शिकवणं. तोही अनोळखी लोकांना स्वतःची कुंडली देऊन विचारत बसायचा, "माझा चान्स किती?" उत्तरं देणारीही सतराच वर्षांची पोरं!

इथे कट-ऑफ नावाची गोष्ट नाही. नामांकित विद्यापीठांत शंभरातले चार-पाच घेतात आणि उरलेल्यांतही बहुतेकांचे मार्क उत्तमच असतात. नवऱ्याने हिशोब मांडला: पाच टक्के शक्यता, दहा ठिकाणी अर्ज, म्हणजे पन्नास टक्के. मुलगा म्हणाला, "बाबा, दहाही ठिकाणी मीच अर्ज करतोय ना? तोच निबंध, तीच मार्कशीट. एकाला नाही आवडलो तर दुसऱ्याला तरी का आवडेन?" नवरा इंजिनीयर, पण त्या दिवशी गप्प बसला.

निबंध साडेसहाशे शब्दांचा. पहिला खर्डा आजीच्या लोणच्याच्या बरणीवर. समुपदेशक बाईंनी वाचून थंडपणे सांगितलं की या महिन्यातली ही चौथी आजी. मग त्याने लिहिलं मराठी शाळेतल्या एका मुलावर, ज्याला "ळ" म्हणता येत नव्हता आणि ह्यालाही नीट येत नव्हता.

मार्चअखेरीस सात नकार आले, त्यातले चार एकाच संध्याकाळी. आठवी प्रतीक्षा यादी, ती पुढे हललीच नाही. नववं आणि दहावं आम्ही "असू दे" म्हणून घातलेलं. त्यातलं एक रटगर्स, इथलं राज्य विद्यापीठ, घरापासून पंचवीस मिनिटं. तिथेच गेला. निकालाच्या दिवशी मी पुरणपोळी करून ठेवली होती, ती आम्ही खाल्ली. वाया कशाला घालवायची?

नांदेडची_डॉक्टर_होणारच

इंजिनीयरिंगवाल्यांनो, तुमचं बरं आहे. मी मेडिकलची नीट परीक्षा दोनदा दिली. २०२३ ला कमी पडले म्हणून एक वर्ष घरी बसले. ठरवलं होतं की साडेसहाशेच्या आसपास आले की सरकारी कॉलेज पक्कं, कारण २०२३ ला तेवढ्या मार्कांना साधारण सात हजारांची रँक होती. २०२४ ला मला ६४८ आले. ओरडले, नाचले, बाबांना मिठी मारली. मग रँक बघितली: तीस हजारांच्या पुढे. मार्क माझे वाढले होते, पण सगळ्यांचेच वाढले होते. त्या वर्षी पहिल्या निकालात पैकीच्या पैकीवालेच ६७ जण होते, यावरून समजून घे.

राज्याच्या ८५ टक्के कोट्यातून लागलं, पण घरापासून खूप लांब. गेल्या वर्षीचा आकडा हा गेल्या वर्षीच्या मुलांचा असतो, हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी त्याला मारलंच असतं.

जुना_गडी

१९९६. सीईटी नव्हती. बारावीचे पीसीएमचे तीनशेपैकी २८१. तेव्हा अंदाज वगैरे नव्हता, वडील सायकलवरून जाऊन यादी बघून आले आणि म्हणाले, "मेकॅनिकल. जेवायला वाढ." बस्स.

पुणे_सध्या

कृष्णाकाठची, मी तुझ्याच भागातली, सध्या पुण्यात तिसऱ्या वर्षाला. स्पष्ट बोलते, राग मानू नकोस. दोन्हीकडे कॉम्प्युटर ओपनमधून गेली काही वर्षं ९९.८ च्या वर थांबतं. २०२५ ला पीसीएमला चार लाखांवर मुलं होती, म्हणजे ९९ मिळाले तरी तुझ्यापुढे चार हजार जण. मेनचे ९६ आणि सीईटीचे ९६ एक नव्हेत, म्हणून मामाचं "विसर" आत्ताच ऐकू नकोस. पण सरांचं "होईल की" पण धरून बसू नकोस.

सीईटीला गणिताचा प्रश्न दोन मार्कांचा, फिजिक्स-केमिस्ट्रीचा एक. चुकीला मार्क कापत नाहीत. अकरावीचा भाग वीस टक्के येतो आणि सगळे तोच सोडतात. प्रेडिक्टरवर जाणारी रात्र त्याला दे.

ऑप्शन फॉर्मचे (कॉलेजं पसंतीच्या क्रमाने लिहायचा फॉर्म) मी तीन ढीग केले होते: लागलं तर लागलं, लागेल असं वाटतंय, लागणारच. तिसरा ढीग करताना रडू येतं, तरी करायचा. माझी कोअर ब्रँच दुसऱ्या ढिगातून लागली. आमच्या वेळी तीन फेऱ्या होत्या. २०२५ पासून चार झाल्यात आणि एक गोष्ट फार महत्त्वाची आहे: पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचं मिळालं तर ते घ्यावंच लागतं, दुसरीत पहिल्या तिनातलं, तिसरीत पहिल्या सहातलं. "सोयीचं आहे, राहू दे वर" म्हणून काही टाकलंस तर गळ्यात पडेल. फॉर्म भरायच्या आधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाच, नियम बदलतात.

कृष्णाकाठची

ताई, थँक्यू. लातूरकर काका, एच-ओ-एस भिंतीवर लिहून ठेवलंय. अवंती काकू, ती "ळ" ची गोष्ट मी आजीला वाचून दाखवली, ती अजून हसतेय.

तुमचं वाचून बाबांची वही मागून घेतली. त्यांनी आखीव कागदावर आधीच यादी केली होती. एक नंबरला कराडचं गव्हर्मेंट कॉलेज, पुढे कंसात "घरून डबा". मी काही बोलले नाही. खोडरबराने खोडून कराड सात नंबरला नेलं. बाबांनी बघितलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि विचारलं, "सातच का?" आता त्यांना चार फेऱ्या समजावते आहे. प्रेडिक्टर काढून टाकलाय. म्हणजे आईच्या मोबाइलवर अजून आहे.