अनुभव धागा : फातोर्डा स्टेडियमवरची तुमची आठवण

मडगावचं नेहरू स्टेडियम, म्हणजेच आपलं फातोर्डा स्टेडियम, १९८९ सालचं. क्रिकेट, फुटबॉल दोन्ही तिथे नांदले. स्कोअर कुठेही मिळतील. तुम्ही कोणाबरोबर गेला होता, काय पाहिलंत ते लिहा. सुरुवात मी करते.

२५ ऑक्टोबर १९८९, क्रिकेटचा नेहरू चषक, ऑस्ट्रेलिया-श्रीलंका. इथला पहिला आंतरराष्ट्रीय सामना. भारत खेळत नव्हता, तरी बाबांनी डिचोलीहून नेलं. पहाटेची कदंब (गोव्याची सरकारी बस), पणजीत गाडी बदलून मडगाव. डब्यात पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी. खेळ फारसा कळला नाही. गर्दीत बाबांनी माझं मनगट दिवसभर सोडलं नव्हतं, ते मात्र लख्ख आठवतं.

फोंडेकर : ३ एप्रिल २००६, इंग्लंडविरुद्ध युवराजचं शतक. ऊन असं की पायरीवर बसवेना. चार वर्षांनी ऑस्ट्रेलिया आली, २४ ऑक्टोबर २०१०. चवथ (गणेशचतुर्थी) होऊन महिना उलटला तरी पाऊस हटला नव्हता. एकही चेंडू न पडता सामना रद्द. धाकट्या भावाचा तो पहिलाच सामना असता. भारताचा एकदिवसीय सामना फातोर्ड्याला पुन्हा झालाच नाही.

सासष्टीकर : मी २० डिसेंबर २०१५ बद्दलच लिहिणार. आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग फुटबॉलची फायनल, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयन. ८७व्या मिनिटाला जोफ्रेचा गोल, आम्ही २-१ पुढे. मागच्या रांगेतल्या अनोळखी माणसाने मला मिठी मारली, आम्ही दोघंही रडत होतो. मग ९०व्या मिनिटाला चेंडू आपल्याच जाळ्यात गेला आणि भरपाई वेळेत मेंडोझाने त्यांचा तिसरा मारला. २-३. तो माणूस खाली मान घालून बसून राहिला. बाहेर गाड्यावर रॉस आमलेट (रश्श्यातलं आमलेट) मागवलं, पण घास उतरेना. अजून ती क्लिप मी पूर्ण पाहिलेली नाही.

म्हापशाहून : १० ऑक्टोबर २०१७, सतरा वर्षांखालील विश्वचषक, इराणने जर्मनीला ४-० हरवलं. शेजारचे आजोबा प्रत्येक गोलला उठून टाळ्या वाजवत होते. विचारलं, तुम्ही कोणाच्या बाजूचे? म्हणाले, "बरो खेळटा ताचो." (चांगला खेळतो त्याचा.)

फातोर्ड्याची मुलगी : आमचं घर स्टेडियमजवळ. २०२०-२१ ची आयएसएल गोव्यातल्या तीनच मैदानांवर, प्रेक्षकांविना झाली. दिवे लागायचे, गॅलरीतून शिट्टी आणि खेळाडूंच्या हाका ऐकू यायच्या, बाकी काही नाही. मार्च २०२२ च्या फायनलला माणसं परतली. पहिली आरोळी उठली तशी आई पिठाचे हात घेऊन बाहेर आली आणि तिथेच उभी राहिली.