आज काम करणारे कोणते चित्रकार मुलांना दाखवावेत?

प्रश्न : कलाशिक्षक, अमळनेर

नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत सतरा वर्षांपासून चित्रकला शिकवतो. दरवर्षी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा झाल्या की आम्ही मुलांना अजिंठ्याला नेतो. यंदा परतीच्या वाटेवर, पहिल्या लेण्यातील पद्मपाणी पाहून आलेल्या एका नववीतल्या मुलीने मला विचारले, "सर, आता अशी मोठी चित्रं कोण काढतं?" मी सवयीने हुसेन, रझा, गायतोंडे अशी नावे घेतली. त्यावर ती म्हणाली, "पण हे तर सगळे वारले ना?"

मला उत्तर देता आले नाही. आमच्या ग्रंथालयातील पुस्तके १९४७च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपपाशी, म्हणजे मुंबईच्या त्या आधुनिक चित्रकारांच्या गटापाशी, येऊन थांबतात आणि खरे सांगायचे तर माझे वाचनही तिथेच थांबले आहे. आज हयात असलेले, काम करणारे आणि ज्यांच्याकडे लक्ष ठेवावे असे चित्रकार कोणते? त्यांची शैली मुलांना कशी उलगडून दाखवावी? 'वास्तववादी' आणि 'अमूर्त' एवढे दोनच शिक्के आता मलाही पुरेनासे झाले आहेत.

उत्तर : चित्रकार, धुळे

सर, आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न रास्त आहे. सुरुवात सुधीर पटवर्धनांपासून करावी, असे मी सुचवेन. त्यांचा जन्म १९४९ चा, शिक्षण पुण्यात, तेही वैद्यकीय. पुढे २००५ पर्यंत ते ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करीत होते आणि सोबत चित्रे काढीत होते. दिवसभर माणसाच्या शरीराच्या आतले पाहणाऱ्या या डॉक्टरने चित्रांत मात्र माणसाला त्याच्या रस्त्यासकट, चाळीसकट, अर्धवट बांधलेल्या इमारतीसकट रंगवले. 'इराणी रेस्टॉरंट' (१९७७) आणि 'लोअर परळ' (२००१) ही दोन चित्रे शेजारी ठेवून मुलांना दाखवा. आधी एकटा माणूस मोठा होता, नंतर शहर मोठे झाले, हे न सांगताही त्यांच्या लक्षात येईल. त्यांच्या शहरचित्रांत डोळ्याची पातळी एकच नसते. एका कोपऱ्यात आपण गच्चीवरून खाली पाहतो, तर दुसऱ्या कोपऱ्यात रस्त्यावर उभे राहून समोर पाहतो. शाळेत आपण यथार्थदर्शनाचा एकच लोपबिंदू, म्हणजे दूर जाणाऱ्या रेषा जिथे मिळतात तो बिंदू, शिकवतो. तो नियम जाणून-बुजून कसा मोडतात, हे येथे पट्टी ठेवून दाखवता येते.

दुसरे नाव अतुल दोडिया (जन्म १९५९). त्यांनी दुकानांना असते तसल्या पत्र्याच्या शटरवर चित्रे काढली. शटर खाली असताना एक चित्र दिसते. वर सारले की आतल्या कॅनव्हासवर दुसरेच निघते. २००१ मध्ये ती लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयातील प्रदर्शनात होती. आपल्याकडे दुपारी एक ते चार, दुकानांची शटर खाली असताना, बाजारपेठेत फिरून पाहा. पत्र्याच्या पन्हळीवर रंगवलेला चेहरा जवळून फुटतो आणि दहा पावले मागे गेल्यावर जुळतो. मुलांना एवढे समजले तर माध्यम आणि शैली यांचे नाते वेगळे शिकवावे लागणार नाही.

अमूर्ताकडे वळायचे असेल तर प्रभाकर कोलते आहेतच. परंतु त्यांच्या रंगांचे थर छापील पुस्तकात दिसतच नाहीत, म्हणून ते मूळ चित्र पाहण्याच्या वेळेसाठी राखून ठेवावेत.

उत्तर : निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

धुळ्याच्या भाऊंनी घेतलेली तिन्ही नावे मुंबई-ठाण्याची आहेत आणि तिघांनीही साठी केव्हाच ओलांडली आहे. 'लक्ष ठेवावे असे' म्हणायचे तर मी प्रभाकर पाचपुते यांचे नाव घेईन. जन्म १९८६, गाव चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती, आणि घरातील तीन पिढ्या कोळशाच्या खाणीत राबलेल्या. छत्तीसगडमधील खैरागडला त्यांनी शिल्पकलेचे शिक्षण घेतले, पुढे बडोद्याला गेले, आणि मग हाती धरला तो कोळसाच. त्यांची सुरुवातीची कामे थेट भिंतीवर कोळशाने काढलेली आहेत. कुठे माणसाच्या धडावर डोक्याऐवजी एखादी वस्तू असते, कुठे जमीन पोखरून उरलेला पोकळ डोंगर. प्रदर्शन संपले की भिंतीला पुन्हा रंग लागतो आणि चित्र जाते.

माझी सगळी नोकरी कोळशाच्या वाघिणी मोजण्यात गेली. त्यामुळे हा काळा रंग मला नुसता रंग वाटत नाही, हे आधीच कबूल करतो. कदाचित म्हणूनच मी पक्षपाती असेन. तरीही एक तांत्रिक गोष्ट सांगतो. कोळशाचे काम दोन तऱ्हांनी होते : कांडी आडवी धरून घासली की मऊ राखाडी पट्टा उमटतो, आणि उभी दाबली की खरखरीत, तुटक रेघ येते. पाचपुते यांची चित्रे पाहताना जमीन कुठे पट्ट्याने उभी केली आहे आणि माणूस कुठे रेघेने कोरला आहे, हे मुलांना शोधायला लावा. २०२१ मध्ये वेल्समधील आर्टेस मुंडी हा पुरस्कार सहा कलावंतांना विभागून दिला गेला, त्यांत ते होते. पण पुरस्कार नंतर सांगितला तरी चालेल.

उत्तर : शिक्षिका, शहादा

आतापर्यंतच्या चर्चेत एक गाळलेली जागा राहिली आहे, ती भरते. 'समकालीन चित्रकार' म्हटले की आपण कॅनव्हास आणि गॅलरी एवढेच धरतो, आणि सातपुड्यातील भिंतीवरचे काम 'लोककला' म्हणून वेगळ्या कपाटात ठेवतो. भुरीबाईंचे काय करायचे मग? त्या झाबुआ जिल्ह्यातील पिटोलच्या भिल्ल. भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्राचे बांधकाम चालू असताना त्या तिथे मजुरीला होत्या आणि चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना कागदावर चित्र काढायला सांगितले. भारत भवन १९८२ मध्ये सुरू झाले. भुरीबाईंना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. भोपाळच्या जनजातीय संग्रहालयात त्यांनी स्वतःचे आयुष्यच भिंतीवर रंगवले आहे. ज्या बाई आजही काम करतात त्यांना समकालीन म्हणायचे नाही, तर कोणाला म्हणायचे?

त्यांची शैली ठिपक्यांची आहे. आधी प्राण्याचा किंवा झाडाचा सपाट रंगीत आकार, आणि तो वाळला की वरून एकेक ठिपका, रांगेने. माझ्या वर्गातील पावरा आणि भिल्ल मुलांना मी हे चित्र दाखवले तेव्हा एका मुलाने काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून ठिपके द्यायला सुरुवात केली. तिसऱ्या रांगेपर्यंत त्याच्या लक्षात आले की ठिपक्याचा आकार काडी किती वेळ टेकवली त्यावर ठरतो, आणि मग तो श्वास रोखूनच ठिपके देऊ लागला. भुरीबाईंच्या चित्रांत विमान आणि बससुद्धा येतात, त्याच ठिपक्यांत. परंपरा जशीच्या तशी गिरवली जाते हा आपला समज तिथे खोटा ठरतो.

वारलीतही असेच आहे. नामवंत वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचे २०१८ मध्ये निधन झाले, परंतु डहाणूजवळच्या गंजाडचे मयूर आणि तुषार वायेडा हे भाऊ आज त्याच पांढऱ्या रेषेत नवे विषय मांडत आहेत.

उत्तर : विद्यार्थी, मूळ जळगाव, सध्या बडोदा

ताईंच्या मुद्द्याशी मी सहमत आहे. परदेशातील तीन नावे थोडक्यात जोडतो. सलमान तूर (जन्म १९८३, लाहोर, राहतात न्यूयॉर्कला) तरुण दक्षिण आशियाई मुलांच्या बैठका, खोल्या आणि बार रंगवतात, आणि बरीचशी चित्रे एका विशिष्ट हिरव्या रंगात बुडालेली असतात. लंडनच्या लिनेट यादोम-बोआके (जन्म १९७७) यांच्या चित्रांतील माणसे अस्तित्वातच नाहीत. ती पूर्णपणे कल्पनेतली असतात आणि चित्र बहुधा एकाच दिवसात पुरे होते. नायजेरियात जन्मलेल्या न्जिडेका अकुनिली क्रॉस्बी (जन्म १९८३) जुनी छायाचित्रे रसायनाने कागदावर उतरवून त्यांवर रंगवतात, त्यामुळे दुरून दिसणारी खोलीची भिंत जवळ गेल्यावर शेकडो लहान चेहऱ्यांची निघते.

या तिघांकडून मी शिकलो ते असे, की शैली म्हणजे चित्रकाराने स्वतःवर घातलेली एखादी अट असते : एकच रंग, एकच दिवस, किंवा दुसऱ्या कोणाचे तरी छायाचित्र. मुलांना 'ही कोणती शैली?' असे विचारण्याऐवजी 'याने स्वतःवर कोणती अट घातली असावी?' असे विचारून पाहा, सर.

कलाशिक्षक, अमळनेर

सर्वांचे आभार. काल कोळशाच्या दोन रेघांचा प्रयोग वर्गात करून पाहिला. बहुतेकांचे शर्ट काळे झाले आणि दोन पालकांनी तक्रार केली, पण त्या मुलीने आमच्या गावाबाहेरची मुरुमाची खाण आडव्या कांडीने काढली आणि खाणीत उभा असलेला ट्रॅक्टर एका रेघेत बसवला. मी तिला पाचपुते यांचे चित्र अजून दाखवलेले नाही. ते आधी दाखवावे की तिची स्वतःची दहा चित्रे होऊ द्यावीत, याविषयी भुसावळच्या काकांचे मत हवे आहे. मुंबईची एक फेरी मात्र नक्की करणार आहोत. ती कोणत्या वारी ठेवावी?

उत्तर : चित्रकार, धुळे

सोमवार टाळा, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय त्या दिवशी बंद असते. जहांगीर कलादालनातील प्रदर्शने मंगळवारी बदलतात, म्हणून बुधवार किंवा गुरुवार बरा. तिथे प्रवेश विनामूल्य आहे, आणि चित्रकार बहुधा स्वतः चित्रांजवळ बसलेला असतो. मुलांनी त्याच्याशी बोलावे.

उत्तर : निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

आधी तिची दहा होऊ द्या.